दोन मिळकतींचे घर आणि सरकारचा हिशेब

भारतात प्राप्तिकर माणसावर बसतो आणि सरकारी लाभ कुटुंब पाहून मिळतो. नवरा-बायको दोघेही कमावते असले तरी विवरणपत्र भरताना ते दोन स्वतंत्र करदाते असतात. एकाच्या पगाराचा दुसऱ्याच्या कराशी संबंध येत नाही. तेच दोघे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात गेले की त्यांची मिळकत एकत्र धरली जाते. कर आणि लाभ या दोन्हींत गेल्या काही वर्षांत मोठे बदल झाले. पण ते वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या वेळी, एकमेकांकडे न पाहता केले. मुले वाढवत असलेल्या कमावत्या आई-बापांच्या घरात मात्र त्यांची बेरीज-वजाबाकी एकाच महिन्याच्या खर्चात होते.

कर आकारताना कुटुंब पाहण्याचा प्रयोग या देशात झाला नाही असे नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात विवाहितांसाठी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा २,००० रुपये आणि अविवाहितांसाठी १,००० रुपये अशी वेगळी ठेवण्यात आली. पुढे १९५८ च्या सुमारास मुलांचाही विचार झाला : मूल नसलेल्या विवाहिताला ३,०००, एक मूल असल्यास ३,३०० आणि दोन असल्यास ३,६०० रुपयांपर्यंत कर नव्हता. ही रचना कालांतराने मोडीत निघाली. तिची शेवटची खूण म्हणता येईल अशी स्त्रियांसाठीची वाढीव करमुक्त मर्यादा २०११-१२ पर्यंत टिकली; त्या वर्षी ती १ लाख ९० हजार होती, पुरुषांसाठी १ लाख ८० हजार. २०१२-१३ पासून दोघांनाही सारखी २ लाखांची मर्यादा लागू झाली. करदात्याच्या घरात मुले किती, हे तर टप्प्यांच्या कोष्टकात त्याआधीच उरले नव्हते. ते उरले फक्त वजावटींत.

त्या वजावटींपैकी एक तर थट्टाच वाटावी अशी होती. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखालील नियमांत मुलांच्या शिक्षण भत्त्यापैकी दरमहा दर मुलामागे १०० रुपये आणि वसतिगृह भत्त्यापैकी ३०० रुपये, तेही दोन मुलांपर्यंत, करमुक्त धरले गेले. हे दर १९९७ चे. नांदेड जिल्ह्यातल्या माहूरच्या आठवडी बाजारात १०० रुपयांत महिन्याची पेन-वहीसुद्धा धड येत नाही, तरी कागदोपत्री हा आकडा पाव शतकाहून अधिक काळ जागचा हलला नाही. अधिक उपयोगाची होती ती कलम ८०-क ची वजावट. तिची मर्यादा २०१४ मध्ये दीड लाखावर गेली, आणि दोन मुलांचे शाळा-महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क, आयुर्विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधी आणि २०१५ मध्ये सुरू झालेले सुकन्या समृद्धी खाते हे सगळे तिच्यातच बसवावे लागे.

माहूर तालुक्यात नियमित प्राप्तिकर भरणारी घरे थोडी. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठी, यवतमाळ आणि तेलंगणाच्या सीमेजवळ असलेल्या या भागाचे अर्थकारण कापूस-सोयाबीनची शेती, रेणुकामाता व दत्तशिखर यांच्या यात्रेवरचा व्यापार आणि सरकारी नोकऱ्या या तिन्हींवर चालते. यातल्या कर भरणाऱ्या घरांत जिल्हा परिषदेच्या शिक्षक जोडप्यांचे घर नमुना म्हणून घेता येते. बदल्यांमध्ये ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा स्वतंत्र निकष असल्याने अशी जोडपी एकाच तालुक्यात नोकरी करताना दिसतात.

अशा जोडप्यात प्रत्येकाचा वार्षिक पगार ९ लाख धरू. नव्या करप्रणालीत २०२४-२५ साली ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ८ लाख २५ हजार करपात्र राहत. त्यावर उपकरासह ३३,८०० रुपये कर येई; दोघांचा मिळून ६७,६००. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण सूट दिली आणि हा कर शून्य झाला. घरात वर्षाकाठी साडेसदुसष्ट हजार उरू लागले, म्हणजे दरमहा साडेपाच हजारांहून अधिक. आता तेवढ्याच १८ लाखांची मिळकत एकट्याची आहे आणि जोडीदार घर सांभाळतो असे समजू. त्या घराला २०२५-२६ च्या दरांनी १,५०,८०० रुपये कर बसतो. मिळकत सारखी, खाणारी तोंडे सारखी. एका घरी शून्य, दुसऱ्या घरी दीड लाख. व्यक्ती हे एकक धरल्याचा हा थेट परिणाम. तो दोघेही नोकरी करणाऱ्यांच्या बाजूने जातो, आणि तसे असण्यात काही गैर नाही : दोघे बाहेर पडतात त्या घराला प्रवासाचा, पाळणाघराचा, तयार जेवणाचा खर्चही जास्त असतो. पण हा विचार करून कोणी ही रचना केली होती असे मात्र दिसत नाही.

या सवलतीची एक किंमतही आहे. नवी प्रणाली २०२०-२१ पासून पर्याय म्हणून आली आणि २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी प्रणाली झाली. तिच्यात कलम ८०-क नाही, मुलांचे शुल्क नाही, राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावट नाही. फेब्रुवारीत विम्याच्या पावत्या आणि शाळेच्या शुल्काच्या प्रती मुख्याध्यापकांकडे जमा करण्याची पूर्वीची धावपळ त्यामुळे कमी झाली. त्या धावपळीतून नकळत होणारी बचतही सक्तीची राहिली नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नव्हती, हे लक्षात घेता शिक्षक जोडप्याच्या घरात कराच्या वाचलेल्या पैशाचे काय होते, हा प्रश्न साठीनंतरच्या आयुष्याशी जोडलेला आहे. दुचाकीच्या हप्त्यात गेलेले पैसे आणि मुलीच्या सुकन्या खात्यात गेलेले पैसे यांत कर खात्याला आता फरक दिसत नाही.

कर न भरणाऱ्या घरांना २०२५ च्या बदलाने काहीच मिळाले नाही. हे उघड आहे, पण चर्चेत राहून जाते. नव्या प्रणालीत ७ लाखांपर्यंत आधीच कर लागत नव्हता. महिना बारा-चौदा हजारांच्या दोन मिळकतींवर चालणाऱ्या घराला १२ लाखांची घोषणा ही वर्तमानपत्रातली बातमी होती. त्या घराचा सरकारशी संबंध येतो तो लाभाच्या बाजूने, आणि तिथे कुटुंबाची बेरीज आड येते.

राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रीच्या खात्यात जुलै २०२४ पासूनचे दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. अटींत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, घरात कोणी प्राप्तिकर भरणारे नसावे, ट्रॅक्टर वगळता चारचाकी नसावी. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. आता एका घरात नवरा लॉजवर किंवा दुकानात महिना १४,००० वर काम करतो. वर्षाचे १ लाख ६८ हजार होतात. बायको घरी असेल तर ती पात्र ठरते आणि वर्षाला १८,००० रुपये मिळतात. ती खासगी शाळेत १२,००० वर शिकवू लागली तर घराची मिळकत ३ लाख १२ हजार होते आणि लाभ थांबतो. तिने कमावलेल्या १ लाख ४४ हजारांतून १८ हजार गेले, म्हणजे साडेबारा टक्के. प्राप्तिकराचा पहिला टप्पा ५ टक्क्यांचा आहे आणि तोही ४ लाखांच्या पुढे सुरू होतो. ज्या बाईवर कायद्याने एक रुपयाही कर नाही, तिच्या कमाईवर व्यवहारात साडेबारा टक्क्यांची कात्री लागते. त्यातून रोजचे येणे-जाणे आणि मुलाला सांभाळणाऱ्या शेजारणीला दिलेले पैसे अजून वजा व्हायचे आहेत.

मर्यादेच्या काठावर हे अधिकच विचित्र होते. घराची मिळकत २ लाख ४९ हजारांवरून २ लाख ५१ हजार झाली तर २,००० मिळवून १८,००० गमवावे लागतात. प्राप्तिकराच्या कायद्याने हा दोष स्वतःपुरता ओळखला आहे. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल तर कोष्टकाप्रमाणे ६१,५०० रुपये कर यायला हवा, पण सीमांत सवलतीमुळे तो १०,००० वर थांबतो. मर्यादेपलीकडे जेवढे कमावले त्याहून अधिक कर घ्यायचा नाही, असे ते तत्त्व. बारा लाख कमावणाऱ्याला ही काळजी मिळते. अडीच लाखांच्या काठावरच्या घरासाठी तसली तरतूद कुठल्याही शासन निर्णयात नाही, आणि ती करणे अवघड आहे असेही नाही. मर्यादा ओलांडल्यावर दर हजारामागे लाभ थोडा थोडा कमी करत नेला तरी पुरे.

ब्रिटनमध्ये बालभत्त्यासाठी अशी उतरती पट्टी आहे, पण तिथले दुखणे उलट दिशेचे. २०२४ पासूनच्या नियमानुसार आई-बापांपैकी ज्याची मिळकत जास्त आहे, ती ६० हजार पौंडांवर गेली की भत्ता क्रमाने परत घेतला जातो आणि ८० हजारांवर तो संपतो. दोघे प्रत्येकी ५९ हजार कमावत असतील तर संपूर्ण भत्ता राहतो. एकटाच ८० हजार कमावत असेल तर काहीच राहत नाही. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत एकाच पगारावर चालणाऱ्या घराला हा नियम बोचतो. महाराष्ट्रात दुसरा पगार बोचतो.

अर्थात कागदावरची अट आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर आहे. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर लाडकी बहीण योजनेसाठी उत्पन्नाच्या दाखल्याची गरज ठेवलेली नव्हती. केशरी पत्रिका मुळात १ लाखापर्यंतच्या उत्पन्नासाठी. ती कधी काळी मिळाली आणि मिळकत वाढल्यावरही कपाटात राहिली, अशी घरे गावोगाव आहेत. त्यामुळे शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन सारख्या घरांत एकीला पैसे येतात आणि दुसरीला नाहीत, आणि फरक असतो तो कपाटातल्या पत्रिकेच्या रंगाचा. शेतकरी घरांत आणखी एक वजाबाकी आहे. पीएम-किसान आणि राज्याची नमो शेतकरी योजना मिळून वर्षाला १२,००० रुपये होतात. ते ज्या स्त्रीच्या नावावर येतात तिला लाडकी बहीणचे फक्त ५०० रुपये मिळतात. आणि त्या घरात कोणी सरकारी शिक्षक असेल तर पीएम-किसानही नाही.

राज्याचा एक कर मात्र लहान पगारावरही बसतो : व्यवसाय कर. १९७५ च्या कायद्याने तो आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या त्या योजनेचा खर्च पगारदारांनी उचलावा, ही कल्पना होती. शहरातल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा मराठवाड्यातल्या खडी फोडणाऱ्या मजुराच्या हाती जाई. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे आणि ती १९८८ पासून तीच आहे. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार १०,००० च्या पुढे गेला की पूर्ण २,५०० कापले जातात : अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. वरच्या उदाहरणातल्या लॉजवरच्या नवऱ्याला तो आहे, शिक्षिका बायकोला नाही. बारा-चौदा हजारांच्या पगारात अडीच हजार म्हणजे एका मुलाचे दप्तर, गणवेश आणि बूट. लाखभर पगार घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातूनही तेवढेच कापले जातात.

खर्चाच्या बाजूला सर्वांना स्पर्श करणारा बदल म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे वस्तू व सेवा कराचे नवे दर. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे १८ टक्क्यांवरून ५ वर आली. तूप, लोणी, मुलांच्या दुधाच्या बाटल्या, डायपर आणि सायकल १२ वरून ५ वर. वह्या, पेन्सिली, खोडरबर करमुक्त झाले. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के करही गेला. एखाद्या घरात साबण-बिस्किटांसारख्या वस्तूंवर महिन्याला १,५०० रुपये जात असतील तर, दुकानदाराने दर पूर्ण उतरवले असे गृहीत धरून, १६५ रुपयांच्या आसपास वाचतात. वर्षाचे दोन हजार. छोट्या पाकिटावर ही बचत कितपत पोचते हा प्रश्नच, कारण पाच-दहा रुपयांच्या पुड्याची किंमत तशीच राहते, वजन तेवढे बदलते. सुटे धान्य, भाजी आणि सुटे दूध यांवर कर आधीही नव्हता. पेट्रोल या कराच्या कक्षेबाहेरच आहे, म्हणून मोटारसायकलवर वाई बाजार किंवा किनवटला नोकरीसाठी जाणाऱ्याच्या खर्चात फरक पडला नाही. त्याच रस्त्याने एसटीने जाणाऱ्या स्त्रीचे भाडे १७ मार्च २०२३ पासून निम्मे झाले आहे, आणि रोज प्रवास करणाऱ्या परिचारिकेच्या किंवा शिक्षिकेच्या महिन्याच्या हिशेबात ही सवलत साबणावरच्या कपातीपेक्षा कितीतरी मोठी ठरते.

मूल लहान असतानाची वर्षे या साऱ्या रचनेत सर्वांत कमी जपली गेली आहेत. सरकारी सेवेतल्या स्त्रीला १८० दिवसांची प्रसूती रजा पूर्ण पगारी मिळते. खासगी आस्थापनेत प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची केली. पण दुकानांच्या बाबतीत ही तरतूद दहा किंवा अधिक कामगार असतील तिथेच लागू होते, आणि पाळणाघराची सक्ती पन्नासांवर आहे. प्रसाद-तांबूलाच्या दुकानात किंवा भोजनालयात दहा माणसे कुठली? शिवाय रजेचा सारा खर्च मालकावर टाकल्याने छोटा मालक तरुण विवाहितेला कामावर घेतानाच हात आखडता घेतो. उरलेल्यांसाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्याला ५,००० आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये. महिना १२,००० मिळवणारी आई सहा महिने घरी राहिली तर ७२,००० बुडतात, आणि हातात येतात पाच.

अंगणवाडी १९७५ पासून आहे, पण ती काही तासांची. पोषण आहार आणि शाळापूर्व शिक्षण हा तिचा हेतू. आई शेतात किंवा शाळेत असेपर्यंत मूल सांभाळणे हा नव्हे. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक मजूर स्त्री मजुरीवर नेमण्याची तरतूद होती. दुकानातल्या किंवा कार्यालयातल्या आईसाठी तेवढीही नाही, आणि पाळणाघराच्या खर्चाला प्राप्तिकराच्या जुन्या-नव्या कुठल्याच प्रणालीत वजावट नाही. माहूरमध्ये हा खर्च बहुतेक घरांत आजी उचलते. तिच्या श्रमाची किंमत कोणत्याच कोष्टकात येत नाही, पण ती आजारी पडली की दुसरा पगार पहिल्यांदा धोक्यात येतो.

मूल मोठे झाले की खर्च दुसऱ्याच ठिकाणी उसळतो. दहावीनंतर नांदेड किंवा लातूर गाठायचे, दोन वर्षे खोली घेऊन ‘नीट’ किंवा ‘जेईई’ची तयारी करायची, ही आता या भागातल्या पगारदार घरांची रीतच झाली आहे. लातूर पॅटर्नची कीर्ती महाविद्यालयांनी मिळवली. आज त्याचा मोठा भार खासगी शिकवण्यांच्या शुल्कावर आहे. बारावीपर्यंतच्या शाळेच्या शुल्कावर वस्तू व सेवा कर नाही, पण शिकवणीवर १८ टक्के आहे आणि सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत तो हलला नाही. १ लाख शुल्कावर १८,००० कर, म्हणजे लाडकी बहीणचे अख्ख्या वर्षाचे पैसे. शिवाय शिकवणीचे शुल्क कलम ८०-क मध्ये कधीच बसले नाही. तिथे पूर्णवेळ शाळा-महाविद्यालयाचेच शिक्षण शुल्क चाले. एक दिलासा आहे : महिना २०,००० पर्यंत भाडे असलेले आणि सलग ९० दिवसांचे वसतिगृह जुलै २०२४ पासून करमुक्त झाले.

मुलगी व्यावसायिक अभ्यासक्रमात पोचली तर जुलै २०२४ च्या निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झाले. हा मोठा लाभ आहे, पण तो प्रवेशानंतरचा. प्रवेश मिळवण्यासाठी दोन वर्षे जे ओतले त्याला तो लागू नाही. आणि ८ लाख हा आकडाही सगळीकडे सारखा मोजला जात नाही. आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रासाठी पगार, शेती, व्यापार सगळे एकत्र धरतात. नॉन-क्रिमीलेअरसाठी पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न बाजूला ठेवून आई-वडिलांचे पद पाहतात, आणि बाकी उत्पन्न सलग तीन वर्षांचे विचारात घेतात. नवरात्रात आणि दत्तजयंतीला भरपूर, आषाढात रिकामे, अशा मिळकतीवर जगणाऱ्या दुकानदाराला तीन वर्षांची नजर न्याय्य ठरते. बहुतेक लाभांसाठी मात्र एकाच वर्षाचा दाखला चालतो, आणि चांगली यात्रा भरलेले वर्ष नेमके मुलीच्या प्रवेशाचे निघाले तर आठ लाखांची रेघ ओलांडली जाते.

माहूर-किनवटच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांकडे या सर्व रचनेत कुठलेच एकक पोचत नाही. तिथे मजुरीच जोडीने ठरते : नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल त्या कोयत्यावर. बायकोची मिळकत वेगळी मोजलीच जात नाही. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. प्राप्तिकर, व्यवसाय कर, प्रसूती रजा यांतले काहीच तिच्यापर्यंत येत नाही. तिच्या स्वतःच्या खात्यात नियमित जमा होणारी रक्कम १,५०० रुपयांचीच, आणि जोडीची मिळकत लपून राहिल्याने ती अडीच लाखांच्या अटीत सापडतही नाही. मुलांसाठी गावातच चालणारी हंगामी वसतिगृहे आणि किनवट प्रकल्पाखालच्या आदिवासी मुलांसाठीच्या आश्रमशाळा हा तिथला खरा कुटुंबलाभ. तो रोख नाही, कोणत्याही दाखल्यावर त्याची रक्कम लिहिली जात नाही. पण दिवाळीनंतर वसतिगृह वेळेवर उघडले नाही तर मूल फडावर जाते, आणि थोरल्या मुलीला तिथे धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते.